लढाईत भरलेलं पाणी

मे महिना आला की ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक कागद चिकटतो. शुक्रवारी पाणी बंद राहील, सभासदांनी पाणी जपून वापरावे. लोक तो वाचतात, कपाळाला आठ्या घालतात आणि लिफ्टचं बटण दाबतात. माझ्या मात्र अंगात वारं शिरतं. मी घरात येते, ओढणी कमरेला खोचते आणि जे जे पोकळ दिसेल ते ते भरायला घेते. बादल्या, पिंप, पातेली, कुकर, थर्मास, पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा जग. एकदा फुलदाणीही भरली होती.

"मम्मा, वर टाकी आहे," ईशा मोबाइलमधून डोकं न काढता सांगते. ईशा माझी मुलगी, कॉलेजात जाते, आणि देवावर नसेल इतका तिचा टाकीवर विश्वास आहे.

"टाकी आहे गं. टाकीत पाणी आहे का, ते बघून आलीस?"

"तू ना, टोटल डोंबिवली आहेस."

तिला हा टोमणा वाटतो. मी तो पदकासारखा छातीवर लावून घेते आणि पुढची बादली नळाखाली सरकवते.

डोंबिवलीत आमच्या लहानपणी पाणी पहाटे यायचं. येण्याआधी नळ खोकायचा. आधी एक कोरडा खोकला, मग थोडी फुसफुस, मग तपकिरी गुळणी, आणि त्यानंतर खरं पाणी. पहिल्या खोकल्याला आई उठलेली असायची. दुसऱ्याला तिने मला उठवलेलं असायचं. डोळे मिटलेलेच, पायाखाली ओली फरशी, नाकात क्लोरीनचा वास, आणि मे महिना असला तर कोपऱ्यातल्या पेटीतल्या आंब्यांचा. वारा फिरला की त्यात एमआयडीसीतल्या कारखान्यांचा वास मिसळायचा आणि आंबाही औषधी लागायचा. मला आजही हापूस खाताना थोडं क्लोरीन कमी पडल्यासारखं वाटतं.

संदेशला, म्हणजे माझ्या भावाला, कोणी उठवायचं नाही. त्याची दहावी होती. पुढे दहावी संपली तरी घरात त्याची दहावी चालूच राहिली. तो बिचारा गाढ झोपायचा, आणि मी हंडे मोजत बसायचे. वरच्या मजल्यावरच्या लेले काकू चोरून मोटर लावायच्या. मोटर घूं करायला लागली की आमच्या नळाची धार करंगळीएवढी व्हायची. मग आई जिन्यात उभी राहून वर तोंड करून जे बोलायची, त्यात एकही वाईट शब्द नसायचा, पण मोटर बंद व्हायची. फौजेत पुढे मला आवाज कसा लावायचा ते शिकवायला एक धिप्पाड उस्ताद होते. मला त्यांचं काही विशेष वाटलं नाही. मी आईला ऐकलेलं होतं.

पाणीच आलं नाही तर आम्ही कळश्या घेऊन मोहने गावी मावशीकडे जायचो. तिथे नदी जवळ, त्यामुळे मावशी स्वतःला जमीनदार समजायची. "घ्या, घ्या, हवं तेवढं घ्या," म्हणायची आणि आम्ही आंघोळी उरकेपर्यंत दाराबाहेर उभी राहून "पुरे आता," असंही म्हणायची. परतताना रिक्षात मांडीवर कळशी धरून बसलेली मी मनाशी ठरवायचे की मोठी झाल्यावर अशा ठिकाणी जायचं, जिथे मला कोणी पाणी भरायला लावणार नाही.

म्हणून मी सैन्यात गेले. देशप्रेम होतंच, नाही असं नाही. पण देशप्रेमाच्या मागे हंडे उभे होते, हे आता या वयात सांगायला हरकत नाही. चेन्नईला प्रशिक्षण झालं, खांद्यावर तारे लागले आणि माझी नेमणूक रसद पुरवणाऱ्या खात्यात झाली. पीठ, डाळ, रॉकेल, पेट्रोल, आणि डोंगरात गाडी जात नसेल तिथे खेचरं. लेले काकूंना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे रेशनिंगची ऑफिसर म्हण की." आईला राग आला. मला हसू आलं, कारण काकू फारशा चुकल्या नव्हत्या.

मग तो उन्हाळा आला. मी सुट्टीवर डोंबिवलीत होते. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कावळे हाकलायला मला बसवलं होतं. फौजेतली कॅप्टन कावळे हाकलते म्हणून संदेश चिडवत होता. तेवढ्यात युनिटमधून फोन आला. सुट्टी रद्द. सीमेवर लढाई सुरू झाली होती. आईने माझ्या ट्रंकेत अर्धवट वाळलेल्या कुरडया भरल्या. त्या तिथे पोहोचेपर्यंत आंबल्या आणि आमच्या खेचरांनी आवडीने खाल्ल्या.

तळ डोंगरांच्या कुशीत होता. खाली ओढा, वर उघडेबोडके कडे, आणि त्या कड्यांवर आमचे जवान. वर पाण्याचा थेंब नाही. बर्फ उन्हाने गेलेलं, उरलेलं दारूगोळ्याच्या काजळीने काळं. ओढ्यावर एक पंप बसवलेला होता. दुपारी तो चालवायचा, पाणी तळावर आणायचं, आणि तिथून डबे भरून खेचरांच्या आणि माणसांच्या पाठीवर वर पाठवायचं. ते काम माझ्याकडे आलं. मी नशिबाला हसले. डोंबिवलीपासून इतक्या लांब पळून आले, आणि पुढ्यात काय, तर नळ.

आमचे कर्नलसाहेब सज्जन होते, पण त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "कॅप्टन, आप यहाँ टेंपररी हैं. छुट्टी गया अफसर लौटेगा, तो आप पीछे बेस पर. यहाँ गोले गिरते हैं."

"सर, गोले तो सब पर गिरते हैं."

"आपकी माताजी को जवाब मुझे देना पड़ेगा," ते म्हणाले. विषय संपला. तळावर मी एकटीच बाई होते आणि मला मागे पाठवायचं कारणही तेवढंच होतं. मला तिथे राहायचं होतं. शौर्य वगैरे गाजवायचं म्हणून नव्हे. काम अंगावर घेतलेलं अर्ध्यात सोडून, केवळ बाई म्हणून गाडीत बसवून परत पाठवलं जाणं मला सहन होणार नव्हतं. त्या वेळी मला लढाईपेक्षा त्या परतीच्या गाडीची धास्ती जास्त होती.

पहिल्या दुपारी पंप सुरू झाला. नळीतून आधी हवा आली, मग फुसफुस, मग गढूळ गुळणी. ओळखीचा तो खोकला ऐकला आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मी जवानांना कामाला लावलं आणि दिसेल ते भरायला लावलं. जेरीकॅन भरले, तेलाचे रिकामे डबे भरले, खेचरांना पाणी पाजायची कॅनव्हासची डोणी भरली, आणि स्वयंपाकाच्या तंबूबाहेर घासून पालथी घातलेली सगळी मोठी पातेलीही भरून टाकली. संध्याकाळी मुख्य आचारी बलबीर डाळ चढवायला आला, तर चढवायला भांडंच नाही. वर, पाणी ओतून द्यायलाही मी तयार नाही. त्या रात्री सगळ्या तळाने शंकरपाळे आणि भाजलेले चणे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेब येऊन त्या डब्यांच्या रांगांकडे बघत उभे राहिले. "कॅप्टन, यह सप्लाय पॉइंट है या पनघट?"

सगळे हसले. मीही हसले, पण आतून शरमेने मेले. ज्या कामापासून मी पळाले तेच मी इथे, आपणहून, सगळ्यांसमोर केलं होतं. बाई आली आणि हंडे मांडून बसली, असंच ते म्हणत असणार. मी सुभेदार मोरेंना सांगितलं, "डबे रिकामे करा. रोज लागेल तेवढंच भरू."

सुभेदार मोरे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. मिशा भरघोस, बोलणं मोजकं. ते जागचे हलले नाहीत.

"मॅडमसाहेब, ऑर्डर असंल तर ओततो. पर येक सांगू का? आमच्याकडं पान्यावरनं कुनी हसत न्हाई. हसतंय ते हसू द्या."

"सुभेदारसाहेब, लोक मला पाणक्या म्हणतील."

"म्हनू द्या की. तहान लागली की मॅडमसाहेबच म्हनतील."

मग आम्ही दोघांनी कोणाच्या हसण्याची पर्वा सोडली. बलबीरची पातेली सन्मानाने परत केली. त्यांच्याऐवजी कड्याच्या आडोशाला खड्डे खणून घेतले, त्यांत जाड ताडपत्री अंथरली, वरून कुलूप लागेल अशी झाकणं केली, आणि रोज दुपारी पंप चालेल तोवर भरत राहिलो. पाण्यात शुद्ध करायच्या गोळ्या टाकल्या की क्लोरीनचा वास सुटायचा. मी खड्ड्यावर वाकून तो छाती भरून घ्यायचे. मोरेंना वाटायचं मॅडमसाहेब पाणी तपासतायत. मी डोंबिवलीला जाऊन येत होते.

सोसायटीतल्या बायकांना कधीतरी कळतं की मी लढाईवर होते. मग भिशीच्या दिवशी डोळे मोठे करून विचारतात, "बंदूक चालवलीत?" मी म्हणते, "नाही हो, पाणी भरलं." त्या हसतात. त्यांना वाटतं मी विनय दाखवतेय. विनय माझ्या अंगात औषधालाही नाही, हे ईशाला विचारा.

आठवड्यातून एकदा लष्करी टेलिफोनवरून घरी बोलता यायचं. आई फोनवर इतकी ओरडायची की टेलिफोनची गरज नसावी. तिला मी सांगितलं की लवकरच मला मागच्या तळावर पाठवणार आहेत, तिथे काही धोका नाही. तिकडून एवढा मोठा उसासा आला की मला माझंच वाईट वाटलं. "सुटले गं बाई! कधी पोचशील? मी सत्यनारायण घालते." तिने पूजेची सगळी तयारी केली, बिल्डिंगमध्ये आमंत्रणंही दिली. माझ्या मागे जाण्यावर तिची झोप अवलंबून होती, आणि मला मागे जायचं नव्हतं. हे तिला सांगायची हिंमत लढाईच्या मैदानावर उभं राहूनही मला होत नव्हती.

आणि एका दुपारी पंपावर गोळा पडला.

आवाज आम्हाला सवयीचा झाला होता. सवयीचं नव्हतं ते त्यानंतरचं. पंपाची घरघर थांबली. पंपावरचे दोघे जवान जखमी झाले होते, त्यांना उचलून आणलं. वाचले दोघेही, पण स्ट्रेचरवरून जाताना त्यांच्यातला एक मला म्हणाला, "सॉरी मॅडम, पानी बंद हो गया." मी त्याचा हात धरून चालत राहिले. मला खूप भीती वाटली होती. ती त्याला जाणवू नये म्हणून मी हात आणखी घट्ट धरला.

ओढ्याकडे आता दिवसा कोणी जाऊ शकत नव्हतं. समोरच्या शिखरावरून शत्रूला सगळं दिसत होतं, आणि रात्री अंधारात भरून आणलेले चार डबे कोणाला पुरणार नव्हते. नवा पंप मागून यायला हवा होता, आणि रस्ता सारखा तुटत होता. तळावर माणसं, वर कड्यांवर माणसं, भर उन्हाळा. कर्नलसाहेब तडक माझ्याकडे आले. एका खड्ड्याचं झाकण मी उचललं. आत पाणी होतं, निळसर, गार, काठोकाठ. त्यांनी एकेका खड्ड्यात वाकून पाहिलं. पनघटाविषयी काही बोलले नाहीत.

त्यानंतरचे दिवस मी आईसारखी वागले. आधी कड्यांवरच्यांचं पिण्याचं, मग आपलं पिण्याचं, मग स्वयंपाकाचं. धुणं नाही, आंघोळ नाही, दाढी नाही. भांडी राखेने घासायची. हातात मापाचा मग घेऊन मी खड्ड्यापाशी उभी राहायचे आणि कोणी ओंजळभर जास्त मागितलं तर नुसतं बघायचे. कर्नलसाहेबांचा सहायक दाढीसाठी पाणी मागायला आला.

"साहब की शेविंग के लिए, मॅडम. आधा मग."

"साहब को मेरा सलाम बोलो. और बोलो, दाढ़ी अच्छी लगेगी."

तो गेला आणि मला घाम फुटला. कर्नलला पाणी नाकारणारी कॅप्टन मी पहिलीच असेन. पण पुन्हा निरोप आला नाही. हळूहळू साहेबांना खुंट आले, मग दाढी आली, आणि ती निघाली पांढरी. सगळा तळच दाढीवाला झाला. मोरे म्हणाले, "समदेच नाशकाच्या कुंभमेळ्यातनं आल्यावानी दिसत्यात." आम्ही दोघे खड्ड्याच्या काठावर बसून पोट धरून हसलो.

एकदा खेचरांबरोबर मीही वरच्या चौकीपर्यंत गेले. शेवटची चढण डबे पाठीला बांधूनच चढायची होती. वर खडकाआड एक शिपाई बसला होता. ओठ फुटलेले, चेहऱ्यावर धूळ, वय असेल माझ्या संदेशएवढं. त्याने झाकणभर पाणी घेतलं आणि एकदम गिळलं नाही. तोंडात धरून, डोळे मिटून बसला. मग गिळलं. मग म्हणाला, "मीठा है." क्लोरीनने भरलेलं, तेलाच्या डब्यातलं, तळाशी गाळ असलेलं ते पाणी! मला रडू आलं. लहानपणीच्या सगळ्या पहाटा, ओल्या फरश्या, मोडलेली झोप, हे सगळं फुकट गेलं नव्हतं असं मला पहिल्यांदा वाटलं. हंड्यांवरचा माझा सगळा राग त्या खडकापाशी गेला.

अखेर गाड्या आल्या. नवा पंप आला, तो ओढ्याच्या आडोशाच्या वळणावर बसवला. त्याच गाड्यांतून सुट्टीवरचा तो अधिकारीही आला, चांगला हसतमुख मुलगा. म्हणजे आता मी जाणार. मी ट्रंक भरली, मोरेंच्या हाती झाकणांच्या किल्ल्या दिल्या. त्यांनी त्या घेतल्या, पण खिशात घातल्या नाहीत, हातातच ठेवल्या. मी कर्नलसाहेबांचा निरोप घ्यायला गेले.

ते तंबूबाहेर स्टुलावर बसून, गाड्यांतून आलेल्या पाण्याने दाढी करत होते. अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्ध्यावर फेस.

"पंप लग गया?"

"जी सर. शाम तक चालू हो जाएगा."

"तो भरना शुरू करवाओ. सब कुछ भर लो. सिर्फ बलबीर के पतीले छोड़ देना."

"सर, मेरी गाड़ी..."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "गाड़ी में छुट्टीवाला लड़का पीछे जा सकता है. वहाँ भी अफसर चाहिए. मैं आपको रोक नहीं रहा, कॅप्टन. पूछ रहा हूँ. लेकिन माताजी को जवाब आप देंगी."

मी सॅल्यूट केला. तिथून निघाले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. मग आठवलं की आज फोनचा दिवस आहे, आणि पाय जमिनीवर आले. गोळ्यांच्या आवाजात सरळ चालणारी मी, टेलिफोनच्या तंबूकडे मात्र पाय ओढत गेले.

"पोचलीस का गं?" आईने पहिलाच प्रश्न केला. मागे कोणीतरी पूजेचा चौरंग सरकवत होतं.

"आई, मी मागे जात नाहीये. इथेच थांबतेय."

डोंबिवलीत चौरंग सरकायचा थांबला.

"का? कोणी अडवलं?"

"कोणी नाही. मीच ठरवलं. इथलं सगळ्यांचं पिण्याचं पाणी माझ्याकडे आहे आई. पंप बंद होता तेव्हा मी भरून ठेवलेल्या पाण्यावर सगळे निभावले. वरचे जवानसुद्धा." मी घाईघाईने सगळं सांगितलं, खड्डे, ताडपत्री, तेलाचे डबे. बोलायची वेळ संपत आली होती. तिकडे आईने नाक पुसल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, आता ती म्हणेल ये परत. तसं म्हणाली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"तुझ्या जागी दुसरं कोण आहे तिथे?" तिने विचारलं. आवाज जड होता.

"आहे एक कॅप्टन. चांगला आहे गं."

"बाप्या?"

"हो."

"मग तूच थांब," ती म्हणाली. "बाप्यांना पाणी गेल्यावर जाग येते."